एक संगणक, चार डोकी
हाताने करत शिकण्यासाठी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू घडवण्याची प्रयोगशाळाही आली. हातांऐवजी इंटरनेटवर, मुलांनी मिळून उत्तरे शोधण्याचा प्रयोग फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत झाला, शिक्षणतज्ज्ञ सुगत मित्रा यांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’मधून. एका संगणकासमोर चार-पाच मुले, एक मोठा प्रश्न, आणि गट बदलायची, शेजारच्यांचे डोकावून पाहायची मुभा. एकटा माणूस बहुधा पहिल्याच उत्तरावर थांबतो. गटात एकजण शोधशब्द बदलतो, दुसरा मोठ्याने वाचतो, तिसरी विचारते, ‘‘हे लिहिलंय कुणी?’’ मला ही शंकाच सर्वांत मोलाची वाटते. मात्र सगळ्यांनी एकच शब्द टाकला तर चूकही सगळ्यांची एकच होते. म्हणून आधी वेगवेगळे शोधावे, मग ताडून पाहावे.