उपास, उपासना आणि सेवा : खानदेशातील ख्रिस्ती उपवासकाळाची परिभाषा

एखादा धर्माचार नव्या भाषेत रुजतो तेव्हा विधी लवकर स्थिरावतात, शब्द मात्र दीर्घकाळ अस्थिर राहतात. जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळींचा ईस्टरपूर्व उपवासकाळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतील सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. लॅटिन आणि पोर्तुगीज नावांत हा चाळीसचा आकडाच आहे. इंग्रजी 'लेंट' शब्दाच्या मुळाशी वसंत ऋतू आहे. मराठीने आकडाही घेतला नाही आणि ऋतूही घेतला नाही. तिने आचारावरून नाव दिले : 'उपवासकाळ', आणि कॅथलिकांत 'प्रायश्चित्तकाळ'. ही दोन नावे समानार्थी समजली जातात; परंतु पहिले शरीराच्या नियमनावर बोट ठेवते, तर दुसरे मनाच्या पालटावर.

प्रचलित मराठी बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात 'उपास' हा तद्भव शब्द आहे. मंडळीच्या दिनदर्शिकेत मात्र 'उपवास' हा तत्सम शब्द येतो. येशूच्या तोंडी घरगुती रूप आणि कालगणनेत संस्कृत रूप, ही विभागणी कोणी ठरवून केली असेल असे वाटत नाही. पण ती अर्थपूर्ण आहे. 'उपास' म्हटले की खानदेशी श्रोत्यापुढे एकादशी, भगर आणि साबुदाणा उभा राहतो. म्हणजे काही पदार्थ वर्ज्य, काही विहित. कॅथलिक परंपरेतही शुक्रवारी मांस वर्ज्य असते. परंतु त्या अध्यायात उपासाबरोबर दान आणि प्रार्थना यांची जोड आहे, आणि तिन्ही गोष्टी लोकांना दिसू नयेत अशा रीतीने करण्याचा आग्रह आहे. शब्द ओळखीचा असल्याने श्रोत्याला प्रवेश सुलभ होतो, आणि त्याच ओळखीमुळे हा दुसरा अर्थ निसटण्याचा संभवही वाढतो. पंडिता रमाबाईंना हा धोका फार जाणवला होता. हिंदू धर्मकल्पनांचा भार असलेले शब्द टाळून सामान्य स्त्रीपुरुषांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी अखेरपर्यंत श्रम केले; १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. तथापि भार नसलेला शब्द भाषेत सहसा सापडत नाही, हेही तितकेच खरे.

व्युत्पत्ती पाहिली तर 'उपवास' म्हणजे जवळ राहणे आणि 'उपासना' म्हणजे जवळ बसणे. वैदिक यज्ञाच्या पूर्वरात्री अग्नीजवळ राहण्याचा अर्थ पहिल्या शब्दामागे आहे. अन्नत्याग हा त्याचा नंतरचा विस्तार. इंग्रजीत मंडळीची आराधना आणि रुग्णाची शुश्रूषा या दोहोंना 'सर्व्हिस' हा एकच शब्द चालतो. मराठीने तो फोडून एकीकडे 'उपासना' व दुसरीकडे 'सेवा' असे दोन केले. यात लाभ स्पष्टतेचा. हानी अशी की नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालयात चालणारे काम आणि रविवारची प्रार्थना यांचा संबंध इंग्रजीत शब्दच सांगतो, मराठीत तो प्रवचनातून सांगावा लागतो. तिसरा शब्द 'अभ्यास'. मुळात त्याचा अर्थ पुनःपुन्हा करणे. आज बायबल-अभ्यास म्हणताना वाचन व विवेचन अभिप्रेत असते. त्याच उताऱ्यांकडे दरवर्षी परत येणाऱ्या या काळाला जुना अर्थच अधिक शोभतो.

क्रुसाच्या बाबतीत अशीच जोडी दिसते. बायबलात 'वधस्तंभ', बोलण्यात आणि गीतांत 'क्रूस'. पहिला घडवलेला, अर्थ उलगडून सांगणारा. दुसरा पोर्तुगीजातून आलेला आणि आता पूर्ण मराठी झालेला. 'क्रुसाची वाट' हा चौदा स्थानांचा विधी 'वधस्तंभाची वाट' झाला नाही, याचे कारण जिभेने दिले आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराणात दुःखसहनाची कथा ओवीत आणली, तेव्हापासून ही वाट मराठीत चालू आहे.

खानदेशात या परिभाषेच्या खाली आणखी एक थर आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशी आणि भिल्ली बोली एकत्र घेतल्या आहेत. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात घरात अहिराणी, तर १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात मावची, पावरी आणि इतर भिल्ली बोली. उपासनेत मात्र प्रामुख्याने प्रमाण मराठी. त्यामुळे 'प्रायश्चित्त' हा शब्द पुष्कळांना प्रथम मंडळीतच भेटतो, तर 'उपास' घरातून येतो.

शिवाय पंचांगाचा योग आहे. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून, होळी फाल्गुनी पौर्णिमेवर. म्हणून होळी उपवासकाळातच पडते. २०२४ मध्ये २४ मार्चला होळी होती आणि ३१ मार्चला ईस्टर. सातपुड्यातील आदिवासींचा वर्षातला सर्वांत मोठा सण आणि मंडळीचा संयमाचा काळ असे समोरासमोर येतात. ढोल, नाच, भोंगऱ्याचा बाजार यांपासून दूर राहणे हा भिल्ल किंवा पावरा ख्रिस्ती तरुणाला पडणारा उपास अन्नाच्या उपासाहून कठीण असू शकतो. तो आप्तांपासून दूर राहण्याचा होतो. 'जवळ राहणे' असा ज्या शब्दाचा मूळ अर्थ, तोच शब्द येथे दुराव्याचा होतो. संस्कृतीचा कोणता भाग ठेवावा आणि कोणता सोडावा, याचे उत्तर कोशात मिळत नाही. परंतु पाळक त्यासाठी 'उपवास' वापरतो की 'प्रायश्चित्त', यावरून त्या तरुणाला आपला सण केवळ काही दिवस वर्ज्य वाटेल की पाप वाटेल, हे पुष्कळ अंशी ठरते.