नाव दिलेला पैसा थांबतो

सातपुड्याच्या पायथ्याशी, वऱ्हाडातल्या तेल्हारा तालुक्यात, हिवरखेड आहे. भोवताली कपाशी, तूर, सोयाबीन. इथल्या शेतकऱ्याच्या घरात मोठा पैसा येतो तो वर्षातून दोनतीनदा, माल विकला की. मजुराच्या घरात वेचणीच्या दिवसांत किलोवर मजुरी मिळते, बाजाराच्या दिवशी चुकारा होतो, आणि उन्हाळ्यात हाताला काम नसतं. तेल-मीठ मात्र दोन्ही घरांना रोज लागतं. दिवाळीच्या आसपास आलेला पैसा शाळा सुरू होईपर्यंत, पेरणीपर्यंत पोचवायचा कसा, हे कोडं इथल्या बायका पिढ्यान् पिढ्या सोडवत आल्या आहेत. त्यांची रीत नीट पाहिली की थक्क व्हायला होतं.

स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे बघा. मोहरीच्या डब्यात पोराच्या फीचे पैसे, तिखटाच्या डब्यात दवाखान्याचे, देवघराच्या कोनाड्यात पोळ्याचे आणि दिवाळीचे. हिशेबाला विचाराल तर शंभराची नोट कुठेही ठेवा, शंभराचीच. पण माणसाचं मन असा हिशेब करत नाही. एकदा ‘फीचे’ म्हणून बाजूला ठेवलेले पैसे साडीवर खर्च करताना हात अडखळतो. रिचर्ड थेलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने मनातल्या या वेगवेगळ्या खात्यांचा अभ्यास केला, आणि २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी.

केनियातला एक प्रयोग तर मला फारच विलक्षण वाटतो. पास्कलीन ड्यूपा आणि जोनाथन रॉबिन्सन या संशोधकांनी तिथल्या खेड्यांतल्या काही लोकांना कुलपाची एक साधी पत्र्याची पेटी दिली. किल्लीही त्यांच्याच हातात. व्याज नाही, सक्ती नाही. मनात येईल तेव्हा उघडा. तरी वर्षभरात त्या लोकांची आरोग्यावरच्या खर्चासाठीची तरतूद इतरांपेक्षा सुमारे ६६ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या पेटीनं हे कसं साधलं? पैसा एकदा पेटीत गेला की कोणी उसने मागितले तर ‘आता नाहीत’ म्हणायला जीभ रेटते, आणि स्वतःच्या मनालाही तेच सांगता येतं.

वऱ्हाडातल्या घरांनी यापुढे जाऊन बचत थेट धान्यात साठवली. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते तेव्हा बाजारात आवक मोठी आणि भाव बहुधा उतरलेला. तेव्हाच वर्षाची तूर घ्यायची, उन्हाळ्यात ती भिजवायची, कडक उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची आणि सुपानं पाखडायची. क्विंटलभर तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, उरलेली चुनी गाईम्हशींना. डाळीला एरंडेलाचा हात फिरवला की कीड लागत नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा ज्या घरांत उन्हाळ्यातच कोठ्या भरल्या होत्या, त्यांना त्या भाववाढीची झळ लागली नाही. बँकेच्या कुठल्या ठेवीनं त्या वर्षी एवढा परतावा दिला असेल?

आता त्याच घरातला दुसरा खर्च बघा. टपरीवरचा चहा आणि पुडी मिळून रोजचे तीस रुपये धरले, तर वर्षाला १०,९५० होतात. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. म्हणजे पाच माणसांच्या घराला वर्षभर पुरेल एवढी क्विंटलभर तूर टपरीवर उभ्या उभ्या संपते, आणि तरी साडेतीन हजारांच्या आसपास वर जातात. तीस रुपयांचं कोणाला काही वाटत नाही, कारण ते वहीत कधी उतरतच नाहीत. किराण्याच्या वहीत महिनाभर रोजचा बारीकसारीक खर्च मांडला की हा आकडा पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो. माझ्या मते घरखर्चातलं सगळ्यात मोठं काम ही वही करते.

वाचलेल्या पैशाला पुढची वाट बचत गटानं दाखवली. बचत गटांवरच्या लिखाणात अमरावती जिल्ह्यातल्या बायकांचं नाव नेहमी आढळतं; १९४७ मध्ये त्यांनी पंचवीस पैसे गोळा करून गट काढला, असं सांगतात. त्या काळी पंचवीस पैशांचं नाणं नव्हतं, नवे पैसे १९५७ मध्ये आले, तेव्हा त्या चार आणेच टाकत असणार. १९९२ मध्ये शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, म्हणजे नाबार्डनं, पाचशे गट बँकांशी जोडून पाहायचं ठरवलं. आज देशात १ कोटी ४० लाखांहून जास्त गट आहेत आणि बँकांत त्यांची बचत साठ हजार कोटींच्या वर आहे.

गटाचं गणित कागदावर मांडून बघा. बारा बायका, दरमहा प्रत्येकीचे शंभर. पाच वर्षांत ७२ हजार जमतात. हा पैसा डब्यात न ठेवता गरजेप्रमाणे एकमेकींना शेकडा दोन रुपये महिना व्याजानं दिला, सतत फिरता ठेवला आणि प्रत्येकीनं वेळेवर फेडला, तर पाच वर्षांनी गटाकडे १ लाख ३६ हजारांवर रक्कम असते. वरचे ६४ हजार कोणी बाहेरून आणून दिले? कोणीच नाही. ते त्यांनीच भरलेलं व्याज आहे. सावकाराकडे शेकडा पाचानं पाच हजार घेतले, तर सहा महिन्यांचं व्याज १,५०० होतं आणि ते घराबाहेर जातं. गटात त्याच कर्जाला ६०० पडतात आणि तेही बाराजणींच्या पेटीत परत येतात. मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते ती ही गोष्ट.

अट एकच, आणि ती कडक आहे. हप्ता चुकू लागला, बैठक टळू लागली, वही अर्धवट राहिली की हे गणित कोसळतं. म्हणून नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री गटात पहिल्या दिवशीच शिकवतात.

पुढचा चुकारा किंवा पगार हातात पडेल, तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी त्यातली एक नोट बाजूला काढा, ती कशासाठी आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि त्याच रात्री वहीचं पहिलं पान लिहा.