टेप कुठे लावायची?

कमरेचा घेर मोजणं हे तपासणी शिबिरातलं सगळ्यात सोपं काम वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. शर्टावरूनच टेप फिरवतात, समोरचा पोट आत ओढतो, नाहीतर पँटचं माप सांगून मोकळा होतो. पँट तर सुटलेल्या पोटाच्या खाली बांधलेली! टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, जमिनीला समांतर, श्वास सहज सोडल्यावर. भारतीय पुरुषाचा घेर ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका धरतात. विशीतला टाइप टू मधुमेह हुडकायचा तर वजनकाट्यापेक्षा या टेपवर भिस्त ठेवावी.

कारण आपली चरबी काट्याला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोन माणसांचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे, हे खरंच. पण पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात नवजात बाळांचीही तीच गत दिसली. वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. स्नायू बेताचे, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. वडापाव आणि बैठी नोकरी यांचा दोष आहेच, पण तो आधीच कललेल्या शरीरावर येऊन पडतो.

सरसकट सगळ्या तरुणांचं रक्त तपासणं परवडायचं नाही, हा आक्षेप रास्त आहे. तशी गरजही नाही. गावोगावच्या आशाताई आजारांचा धोका हेरायला जो सीबॅक फॉर्म भरतात त्यात कमरेचा घेर आणि घरातला मधुमेह दोन्ही विचारलेले असतात. फक्त तो फॉर्म तिशीपासून पुढच्यांसाठी आहे. हे वय खाली आणलं तर घेर जास्त आणि आईवडिलांना मधुमेह, एवढ्यांनाच रक्तासाठी पाठवता येईल. तिथे तरुण मुलींच्या बाबतीत एक सांभाळावं लागतं: लोह कमी असलं की एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, उगाच वाढलेलं दिसू शकतं, म्हणून उपाशीपोटीची साखरही पाहावी. टेपच्या हाती न लागणारेही असतातच. किडकिडीत मुलगा, अचानक घटलेलं वजन, न भागणारी तहान, हे टाइप वन असू शकतं. त्याने शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.