पानाफुलांची चित्रशाळा



बालशिक्षणाचा विषय निघाला की हातावर पोट असलेला माणूस मनाशी म्हणतो, 'हे काम पैसेवाल्यांचे!' या समजुतीला कृतीने उत्तर मिळाले आहे, आणि तेही आपल्याच सागरकिनाऱ्यावर. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरीबाईंची पद्धत ताराबाईंना मान्य होती, परंतु तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे व माती हीच साधने झाली. जी मुले शाळेत येत नसत, त्यांच्या अंगणात शाळाच गेली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात नेण्यात आले. तेथील बायका लग्नकार्यात तांदळाचे पीठ कालवून, काडीने भिंतीवर चित्रे काढीतच होत्या. त्यांचे दुकानातल्या रंगावाचून अडले नव्हते.

यातले मर्म काय? छापील आकृतीत रंग भरणारे मूल दुसऱ्याने आखलेल्या रेषेच्या आत राहावयास शिकते. शिंपले मांडणारे मूल स्वतः ठरविते: लहान कोणता, मोठा कोणता, कोठे काय शोभेल. हुकुमाबरहुकूम हात चालविणारे पुष्कळ असतात. विचाराने हात चालवितो तोच कारागीर. त्या विचाराचा पाया चौथ्या-पाचव्या वर्षीच घातला जातो.

मिरजोळ्यात तर सारे साहित्य उंबऱ्याबाहेर पडलेले आहे. जांभ्या दगडाची तांबडी भुकटी, कोळसा आणि हळद हे झाले रंग. गोकर्णीच्या निळ्या फुलांचे पाणी करावे; त्यात लिंबू पिळताच ते जांभळे होते. पानाच्या शिरांना रंग लावून कागदावर ठसा उमटवावा. मात्र गुंजा व कण्हेर विषारी, ओल्या काजूबीचा चीक कातडी भाजणारा. ही मुलांच्या हाती नकोत. बारीक बिया नाकातोंडात जातात, तेव्हा मोठ्या माणसाने जवळ बसावे.

औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या आईबापांकडे माझी मागणी एवढीच: सुटीच्या दिवशी अर्धा तास मुलाजवळ बसा. त्याचे चित्र सुधारू नका. 'हे काय काढलेस?' म्हणून विचारा आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.