गोळ्या-चॉकलेटची जप्ती आणि गल्ल्यातली पावती

२००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी झाल्या. अन्न व औषध प्रशासनाने पुण्याकडील कारखान्यातला साठा जप्त केला. कंपनी म्हणाली, माल कारखान्यातून चांगला निघाला, दुकानदाराने नीट ठेवला नाही. प्रशासन म्हणाले, वेष्टनच कच्चे. जानेवारी २००४ मध्ये कंपनीने नवे बंदिस्त वेष्टन आणले. जुने ठीक होते तर बदलले कशाला, हे कोणताही दुकानदार विचारील!

पण मोठ्या कंपनीपाशी वकील असतो, जाहिरात असते. राणीसावरगावच्या दुकानदारापाशी काय असते? गंगाखेड किंवा परभणीहून ठोक भावात आणलेला डबा, वर पत्र्याचे छप्पर, शेजारी धान्याचे पोते. आणि पावती बहुधा नसतेच, कारण पावतीशिवाय माल दोन पैसे स्वस्त पडतो.

हे दोन पैसे महाग पडतात. ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ठोक व्यापाऱ्याने किरकोळ विक्रेत्याला मालाची लेखी हमी द्यावी लागते, आणि साधे बिल हीच हमी धरली जाते. कलम २७ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी सांगितली आहे: मुदत संपलेला माल विकणे, घाणीत ठेवणे, खराब आहे हे ठाऊक असून घेणे, आणि माल कोणाकडून आला हे दाखवता न येणे. शेवटच्या बाबतीत पावतीवाचून सुटका नाही. पावती असली तरी उंदराने कुरतडलेल्या डब्याचा दोष मात्र आपलाच.

अधिकारी आला तर घाबरून शटर ओढू नका. नमुन्याची किंमत त्याने द्यायची असते. नमुन्याचे चार भाग होतात. आपण मागणी केली तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही मागणी तिथल्या तिथे करावी, खर्च आपला. विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येते. विनाकारण जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यालाही एक लाखापर्यंत दंड आहे. मात्र त्याच्याविरुद्ध खोटी तक्रार केली तर दंड आपल्याला.

जे बांधव गाठी, बत्तासे, रंगीत गोळ्या स्वतः बनवतात, त्यांच्याकडे ठोक व्यापाऱ्याचे नाव दाखवायला नसते. तिथे रंगाचा डबाच साक्षीदार. खाण्याचे कृत्रिम रंग आठच मान्य आहेत, तेही किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दहा किलो गोळ्यांना एक ग्रॅम. कापड रंगवायचा गुलाबी रोडामाइन-बी सापडल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने 'म्हातारीच्या केसां'ची विक्रीच बंद केली. रंगाच्या डब्यावरचे लेबल फाडू नका, आणि त्याचेही बिल मागून घ्या.