लता सापडली, पण हेमलताच्या पोटात!

मैत्रिणींनो, मित्रांनो आणि चुकून हे पान उघडलेल्या सर-मॅडमनो, आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या मेसचा हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. कोणी घरी गेलं की मेसच्या मावशी वहीत खाडे लिहितात आणि महिन्याअखेर तेवढे पैसे बिलातून वजा होतात. मी रूमच्या क्रमाने सगळ्यांची नावं मधे स्वल्पविराम देऊन एका फाइलमध्ये टाकली आणि सी मध्ये नाव शोधणारा प्रोग्राम लिहिला. पहिल्याच महिन्यात घोटाळा! लता (नावं सगळी बदललेली आहेत) आई आजारी म्हणून दहा दिवस घरी होती, तरी तिला पूर्ण बिल आलं. वजावट मिळाली हेमलताला, जी एक दिवससुद्धा कुठे गेली नव्हती. लता काही बोलली नाही. त्यामुळे मला जास्तच लागलं.

झालं होतं असं. सी मध्ये स्ट्रिंग म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेले बाइट आणि शेवटी एक शून्य. त्यात एक कॅरॅक्टर शोधायला 'स्ट्रचर' (आमच्या लॅबमध्ये त्याला स्ट्रेचरच म्हणतात) आणि अख्खा तुकडा शोधायला 'स्ट्रस्टर'. तुकडा जिथे पहिल्यांदा जुळेल तिथला पॉइंटर स्ट्रस्टर देतं, कुठेच नसेल तर नल. शब्द कुठे सुरू झाला, कुठे संपला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. यादीत हेमलता आधी होती. 'हेम' ओलांडल्यावर 'लता' दिसली, की झालं काम! मीनाचे खाडेही असेच मीनाक्षीला गेले असते.

उपाय सोपा निघाला. नुसतं 'लता' न शोधता दोन्ही बाजूंच्या स्वल्पविरामांसकट शोधायचं आणि यादीच्या अगदी सुरुवातीला व शेवटी एकेक स्वल्पविराम टाकायचा.

मराठीत याच्या पुढची गंमत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा ही वेगळी चिन्हं असतात. म्हणून 'स्ट्रलेन' 'लता'ची लांबी ९ सांगतं. स्ट्रचर तर एकच बाइट शोधतं, म्हणजे 'ल' शोधायलाही स्ट्रस्टरच लागतं. आणि पहिली वेलांटी! ती डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, पण मेमरीत अक्षरानंतर असते. त्यामुळे 'शालिनी'मध्ये 'शाल' शोधली तर चक्क सापडते.

मग ॲनीने रडवलं. नाव फाइलमध्ये मला दिसतंय आणि स्ट्रस्टर म्हणतं नल. मी नल तपासलाच नव्हता, त्यामुळे सेगमेंटेशन फॉल्ट. दोन रात्री गेल्या. शेवटी एकेक बाइट छापून बघितला तेव्हा कळलं. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी 'अ'ला चंद्र जोडून काम भागवायचे आणि तसं टाइप केलेलं आजही सापडतं, कधी मधे एक न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर धरून. स्क्रीनवर दोन्ही सारखी, बाइट वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशनसुद्धा या दोघांना एक करत नाही. आता मी शोधण्याआधी यादीत आणि शोधायच्या नावात, दोन्हीकडे जोडलेल्याचं एकसंध 'ॲ' करून घेते.

वेगाचं म्हणाल तर आमच्या यादीला साधी पद्धत पुरते. एकेक जागा सरकत जुळवून बघायचं, बस. व्हायव्हासाठी मात्र लक्षात ठेवा, नूथ-मॉरिस-प्रॅट आणि बॉयर-मूर हे दोन्ही अल्गोरिदम १९७७ साली छापून आले. बॉयर-मूर शोधायचा शब्द शेवटच्या अक्षराकडून जुळवतो. न जुळल्यास बऱ्याचदा मोठी उडी मारता येते, म्हणून शब्द लांब असेल तर उलट लवकर शोधून होतो. मला हा जाम आवडला.

लताचे पैसे पुढच्या बिलात वळते केले. हेमलताने तिच्या वजावटीची तोवर भेळ खाल्ली होती, तिच्याकडून हप्त्याने वसुली चालू आहे. "रोल नंबर का नाही वापरलास?" असं रेक्टर मॅडमनी विचारलं. आता वहीत तो कॉलम आहे, पण मावशी नावच लिहितात. परवा त्यांनी लिहिलंय, "उंच पूजा, ३ खाडे."