निमविषारी साप घरी पाळावा का?



आमच्या सारसोळ्यात एका बाजूला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या बाजूला घरं. पावसाळ्यात साप दिसतोच. मागच्या वर्षी चौथीतला एक मुलगा बाटलीत हरणटोळाचं हिरवंगार पिल्लू घेऊन वर्गात आला. "बाई, हा निमविषारी आहे, माणूस मरत नाही. पाळू का?"

मी आधी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. मग विचार केला, याला नुसतं "नको" सांगून भागणार नाही. कारण सांगायला हवं.

निमविषारी म्हणजे काय?
हरणटोळ, मांजऱ्या हे निमविषारी साप. यांचे विषदंत जबड्यात मागच्या बाजूला असतात. पाल, सरडा, बेडूक तोंडात धरून ठेवला की विष त्यात उतरतं. माणसाला चावल्यास बहुधा थोडी सूज येते, दुखतं.

मग पाळायला काय हरकत?
१) "बहुधा" म्हणजे "नेहमी" नव्हे. १९५७ साली शिकागोत कार्ल श्मिट या सापांच्या तज्ज्ञाला मागे विषदंत असलेला आफ्रिकेतला बूमस्लँग चावला. त्यांनी चावा किरकोळ मानला, लक्षणं लिहीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी वारले. हरणटोळ तेवढा विषारी नाही. पण तज्ज्ञाचाही अंदाज चुकतो, हे लक्षात घ्या.

२) ओळख चुकते. मांजऱ्या आणि अतिविषारी फुरसे दिसायला इतके सारखे, की मोठी माणसंही फसतात. आज मुलाने हरणटोळ उचलला, उद्या मांजऱ्या समजून फुरसे उचललं तर?

३) आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी आहे. हरणटोळाच्या विषावर ते नाही.

४) वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला साप पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. अमेरिकेत हॉगनोजसारखे निमविषारी साप पाळतात, असे व्हिडिओ मुलं बघतात. तो नियम इथे लागू नाही, हे त्यांना सांगा.

५) सापाला माया लागत नाही. झाडावर राहणाऱ्याला पेटीत कोंडलं, की त्याचे हालच.

आम्ही वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. सर्पमित्र आले आणि पिल्लू घेऊन गेले. तो मुलगा रडला. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत हरणटोळाचं चित्र काढून आणलं. खाली लिहिलं होतं, "हा माझा नाही, कांदळवनाचा आहे."

पालकहो, मुलांचं कुतूहल मारू नका. फक्त हात आवरायला शिकवा.